अप्पांचा नकार

आमचे अप्पा बाजारात जवळजवळ मुके असायचे आणि घरी त्यांचं तोंड मिटत नसे. दलाल म्हटला की तो बोलका असणार, अशी सगळ्यांची समजूत असते. पण अप्पा बैलबाजारातले दलाल होते, आणि तिथला जुना सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा यांच्या मध्ये दलाल उभा राहतो, खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकतो, आणि टॉवेलाखाली बोटं दाबून भाव सांगितला जातो. भोवती कितीही माणसं गोळा झाली तरी कुणाला काही कळत नाही. अप्पा तोंडावरची रेघ न हलवता तासन्‌तास तसे उभे राहायचे. औशाच्या बाजारात आणि उदगीरकडच्या जत्रांमध्ये, देवणी गोऱ्ह्यांच्या आणि लालकंधारी बैलांच्या मागं त्यांचा जन्म गेला. लहानपणी मी त्यांच्यासोबत जायची तेव्हा मला वाटायचं, हे आपले अप्पा नव्हेतच.

घरी आले की टॉवेल खुंटीला आणि तोंड सुरू. वाटेत कोण भेटलं, त्याच्या डोक्यावर टोपी कशी होती, कुणाच्या दारात मांडव पडलाय, आभाळ कोणत्या बाजूनं भरून आलंय. आम्ही बहीणभाऊ अभ्यासाला बसलेलो असायचो आणि अप्पांची बातमीपत्रं चालू असायची. मी तर चिडून एकदा त्यांना म्हटलं होतं की थोडं बाजारात बोला आणि थोडं घरात गप्प बसा. त्यावर ते हसले आणि माझ्या वहीचं कव्हर फाटलंय ही बातमी त्यांनी स्वयंपाकघरात अव्वाला दिली. अव्वा म्हणजे आमची आई. आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात.

आता त्या बडबडीसाठी जीव तुटतो. सरळच सांगते, उगाच आडून कशाला बोलू.

नांदेडला मी मनोविकारांची डॉक्टर आहे. माझ्या कामातला एक भाग लोकांना फारसा ठाऊक नसतो. एखादा पेशंट ऑपरेशनला किंवा उपचाराला नाही म्हणाला, की सर्जन मला बोलावतात. याला स्वतःचा निर्णय घेण्याइतकी समज आहे का, हे तपासून सांगा म्हणतात. हो म्हणणाऱ्याला समज आहे का, हे तपासायला मात्र मला आजवर कुणीही बोलावलेलं नाही. हो म्हणणारा शहाणा आणि नाही म्हणणारा संशयित, असा आमच्या धंद्याचा न्याय आहे. त्याचा मला राग येतो आणि तो मी बोलूनही दाखवते, म्हणून माझी काही फार लोकप्रियता नाही.

तपासायचं असतं ते तसं साधं. आजार आणि उपचार काय आहे हे माणसाला कळलंय का, कळलेलं त्याच्या ध्यानात राहतं का, दोन्ही बाजू तोलून बघता येतात का, आणि ठरवलेलं सांगता येतं का. एवढंच. निर्णय शहाणपणाचा आहे की वेडेपणाचा, हे माझं काम नाही. माणसाला समजूनउमजून चुकण्याचा अधिकार आहे, हे मी दरवर्षी नव्या पोरांना शिकवते. पण आमच्या भागात मुळात पेशंटला विचारतो कोण? सगळ्यात आधी प्रश्न येतो, "पेशंटसोबत कोण हाय?" एकदा बिलोलीकडची एक बाई होती. सर्जन, तिचा दीर, तिचा भाऊ आणि गावचा एक पुढारी असे चौघं तिच्या खाटेच्या चार बाजूंना उभं राहून तिच्या गर्भाशयाविषयी बोलत होते. तिच्याशी बोलणारी मी पहिली. तिला सगळं चांगलं कळत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. असल्या गोष्टी मी अप्पांना फोनवर सांगायची. ते म्हणायचे, बैलाला तरी आम्ही दात दाखव म्हणून त्याच्या समोर उभं राहतो.

अप्पांचा घसा बसला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. बाजारातली धूळ, तरुणपणातल्या विड्या, हवा बदलली, असं करत करत दिवस गेले. फोनवर मला आवाज खरखरीत लागायचा, मी ओरडायची, ते हळद-दूध पितो म्हणायचे. शेवटी भावानं त्यांना लातूरला नेलं. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला, आणि तो बराच पसरलेला होता.

लातूरचे सर्जन चांगले होते, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांनी अप्पांना खुर्चीवर बसवून, चित्र काढून समजावलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक राहील. बोलणं जाईल. पण आजार मुळातून निघायची चांगली आशा आहे आणि पुढं बरीच वर्षं काढता येतील. ऑपरेशन नको असेल तर शेक, म्हणजे रेडिएशन, देता येईल, त्यानं काही काळ आवाज टिकेल, पण आजार फार दिवस दबून राहणार नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि नको म्हणाले.

का नको, तर म्हणाले, दलालाचं तोंड गेलं म्हणजे धंदा गेला.

सर्जननी पुन्हा समजावलं. हे ऑपरेशन झालेल्या एका जुन्या पेशंटला त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं. ते गृहस्थ गळ्याला एक छोटं मशीन लावून बोलायचे. आवाज यायचा, शब्दही कळायचे, पण सगळे शब्द एकाच सुरात, पत्र्यावर काहीतरी घासल्यासारखे. अप्पांनी त्यांची पेरणी विचारली, लेकराबाळांची चौकशी केली, चहा मागवला, त्यांना दारापर्यंत सोडून आले, आणि परत येऊन नको म्हणाले. मग सर्जननी मला फोन केला. तुमचे वडील हट्टाला पेटलेत, सत्तरी उलटलेला माणूस अजून धंद्याचं बोलतोय, आजार डोक्यात गेलाय का बघायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यांच्यावर चिडले नाही. कारण मलाही तेच वाटायला लागलं होतं.

माझा भाऊ औशात बी-बियाणांचं आणि खताचं दुकान चालवतो. स्वभावानं गरीब, पण घाबरला की कायच्या काय बोलतो. मी नांदेडहून लातूरला पोचले तेव्हा तो दवाखान्याच्या फाटकातच उभा होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, तू तेवढं लिहून दे. अप्पाला समजून न्हाई राहिलं म्हणून. मग सही मी करतो."

मी त्याला तिथल्या तिथं झापलं. स्वतःच्या बापाची तपासणी लेकीनं करायची नसते, आणि केली तरी असली करायची नसते. तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्याला काय माहीत, की तो जे बोलला ते नांदेड सोडल्यापासून माझ्याही मनात घोळत होतं. पण मी ते केलं नसतं. करता आलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच वाटत होतं. मला अप्पा हवे होते. आवाजासह नाही मिळाले तर आवाजाविना.

माझ्याबरोबर शिकलेला एक डॉक्टर लातूरला याच विषयात काम करतो. त्याला मी फोन लावला. तो दुपारी आला, अप्पांना घेऊन एका खोलीत बसला आणि दार लावून घेतलं. मी आणि अव्वा बाहेर बाकावर बसलो.

अव्वाची दृष्टी जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी मेडिकलला असतानाच काचबिंदूनं एक डोळा गेला, मग दुसऱ्यातलं एकेक कमी होत सगळंच गेलं. घरात ती भिंतीला बोटं लावत भराभर फिरते, भाकरी थापते, पण बाहेर आणली की गप्प होते. त्या बाकावर ती पदर सावरून बसली होती आणि दाराच्या बाजूला कान लावून होती. आतून नुसती कुजबुज ऐकू येत होती. मला एक शब्दही कळत नव्हता. तिला मात्र काहीतरी लागत असावं, कारण मध्येच ती हसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "हसले की ते आत्ता."

इतक्या लोकांना मी असं बाहेर बसवलेलं होतं. लेकरं, सुना, नवरे. दार उघडलं की सगळे माझ्या तोंडाकडं बघतात, आणि मला ते नेहमी जाचक वाटायचं. आता मी त्या दाराकडं तशीच बघत होते. माझ्या मित्राचं चुकावं, अप्पांनी एखाद्या सोप्या प्रश्नाला अडखळावं, काल काय सांगितलं ते विसरावं, असं मनापासून वाटत होतं. बापाची बुद्धी शाबूत निघू नये म्हणून देवाला साकडं घालणारी लेक मीच असेन.

मित्र बाहेर आला तो हसतमुख. म्हणाला, एकदम पक्का माणूस आहे. आजार सांगितला, ऑपरेशन सांगितलं, न करण्याचे परिणाम माझ्यापेक्षा सोप्या भाषेत सांगितले. पुढं आजारानंच आवाज गेला आणि श्वास अडला तर काय, असं विचारलं, तर तेव्हा खुशाल भोक पाडा म्हणाले, गुदमरून मरायची हौस नाही. निर्णय त्यांचा आहे आणि तो त्यांना घेता येतो.

मी कारण विचारलं. तो म्हणाला, "एक कारण त्यांनी लिहायला दिलं. ते कच्चं होतं. मी तसं म्हटल्यावर दुसरं दिलं. ते कुणाला सांगायचं न्हाई म्हणालेत, तुलाही न्हाई."

मी भांडले. आमची इतक्या वर्षांची मैत्री आहे, माझा बाप आहे, वगैरे सगळं बोलले. तो ढिम्म हलला नाही. मीच शिकवलेल्या गोष्टी तो मला ऐकवत होता, त्यामुळं जास्तच संताप आला. गाडीत बसल्यावर डोकं जरा थंड झालं आणि लिहायला दिलेलं ते कच्चं कारण पुन्हा आठवलं. दलालाचं तोंड गेलं म्हणजे धंदा गेला. सर्जनना ते खरं वाटलं होतं, कारण त्यांनी दलाल बघितले असतील ते जमिनीचे नाहीतर धान्याचे. पण मी टॉवेलाखालची ती बोटं बघत मोठी झालेली. अप्पांच्या धंद्याला तोंड कधी लागलंच नव्हतं. मुका माणूस तो धंदा जास्त चांगला करील. आणि तसंही आता बाजारात बैल राहिलेत किती? ट्रॅक्टर आल्यापासून अप्पा तिथं जायचे ते जुनी माणसं भेटतात म्हणून. म्हणजे हा माणूस सगळ्यांना तोंडावर थापा मारत होता.

त्या दिवशी मी औशालाच राहिले. जेवायला बसलो तेव्हा भावजयीनं ताटं वाढली. अप्पांनी अव्वाचं ताट स्वतःकडं ओढून नीट केलं आणि नेहमीसारखे सुरू झाले. "वरण तुझ्या उजव्या हाताला हाय. लई पातळ झालंय, भात आधी कालव. मेथी समोर. मिरची मी काढून टाकलो. पोरगी तुझ्या म्होरं बसलीय, वाळलीय जरा, जेवून न्हाई राहिली नीट." आवाज फाटलेला, मध्येच तुटत होता, तरी बोलणं चालू. अव्वा ऐकत ऐकत माझ्याकडं तोंड करून म्हणाली की वाळलीस कशी गं.

वर्षानुवर्षं मी हे ऐकत होते. बापाला बडबडायची सवय आहे एवढंच समजत होते. बडबड वाढली कधीपासून, हा हिशेब मी कधी लावला नव्हता. मी दुसऱ्यांची मनं तपासते आणि त्याचे पैसे घेते.

सकाळी अप्पा आंघोळ करून, गळ्यातल्या लिंगाची पूजा आटोपून ओट्यावर बसले होते. अव्वा आत होती. मी शेजारी जाऊन बसले आणि हळू आवाजात विचारलं, की अव्वासाठी का? त्यांनी आधी टाळायचं बघितलं. मग आतल्या दाराकडं बघून घेतलं आणि माझ्याकडं सरकून बसले.

"तिला हाक मारायची सवय हाय," ते म्हणाले. "कुठं हाव म्हणून. मी हितंच म्हणतो, मग ती कामाला लागती. उद्या ती हाक मारंल अन्‌ मी तिथंच बसलेला आसंन."

मी वाद घातला. टाळी वाजवा, काठी आपटा, घंटी बांधू, मशीन आहे. तिला सवय होईल. तुम्ही दहा वर्षं जगाल. ते सगळं ऐकून घेत होते. गिऱ्हाईक मनातलं सगळं बोलून मोकळं होईपर्यंत दलाल असाच थांबतो. मशीनचं नाव काढलं तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली. तो आवाज कानी पडला तर अव्वा घाबरंल, म्हणाले. घरात कोण परका शिरलाय म्हणंल.

"मला समदं समजलंय, माय," ते म्हणाले. "कापलं तर मी ऱ्हातो. न्हाई कापलं तर बोलणं ऱ्हातं, थोडे दिवस. थोडे चालतील मला. तिला सांगू नको फक्त. माझ्यापायी गेले म्हणंल."

तेव्हा माझा धीर सुटला. मी लहान पोरीसारखी रडले, आणि आवाज आत जाऊ नये म्हणून तोंडावर ओढणी धरून रडले. मी म्हटलं, "आणि माझं काय? मला तुम्ही पाहिजेत. मुके तर मुके."

अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "तुला डोळे हायेत की."

मी मनातल्या मनात माझे चार प्रश्न लावून बघितले. कळलंय, ध्यानात आहे, तोललंय, आणि सांगितलंय. मी नांदेडला परत गेले.

शेक सुरू झाला. भाऊ त्यांना औशाहून लातूरला न्यायचा आणि आणायचा. गळ्याची कातडी काळी पडली, गिळताना जीव जायचा, पण आवाज थोडा सुधारला. डॉक्टरांनी कमी बोला म्हणून सांगितलं होतं. ते दवाखान्यात कमी बोलायचे. उरलेलं सगळं घरी.

मी शनिवार आला की नांदेडहून एस.टी. पकडायची. पूर्वी सणाला नाहीतर लग्नाला जाणारी मी, आता माझं निमित्तही कुणी विचारत नव्हतं. मधल्या दिवसांत फोन. मला त्यांच्याशी खास काही बोलायचं नसायचं, नुसतं ऐकायचं असायचं. आज काय झालं म्हटलं की पुरे. शेजारच्यांनी गेटला निळा रंग दिलाय, फार भडक झालाय. नातवानं केस कसले कापून घेतलेत, मागून पाहिला तर कोंबडा. मला फोनवर अप्पा दिसायचे नाहीत, पण औसा दिसायचं. अव्वाला इतकी वर्षं काय मिळत होतं ते मला त्या दिवसांत कळलं. फोन ठेवला की मी खोलीत तशीच बसून राहायची. इथं गोदावरीच्या काठावर माझं सगळं बरं चाललेलं, घर, नवरा, काम, आणि माझं मन म्हणून इथं नसायचं.

लोक आता मला विचारतात, त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा नाही का. केला होता. मोबाईल तोंडासमोर धरला आणि बोला म्हटलं, तर अप्पा ताठ होऊन बसले आणि सरकारी माणसासमोर जबाब द्यावा तसं स्वतःचं नाव, गाव, वय सांगून मोकळे झाले. पुढं काय बोलू म्हणाले. ते रेकॉर्डिंग माझ्याजवळ आहे, पण त्यात माझे अप्पा नाहीत.

एक पावसाळा गेला, दुसरा आला. आजार पुन्हा वर आला. बोलता बोलता दम लागायला लागला, आणि एक दिवस श्वासच अडला. भावानं तसंच लातूरला नेलं आणि गळ्याला भोक पाडून नळी बसवली. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळं कुणालाही काही विचारावं लागलं नाही. अप्पा श्वास घ्यायला लागले आणि आवाज गेला.

घरी आणल्यावर खाट मागच्या अंगणात, सावलीला टाकली. मी रजा काढून आले होते. मला भीती होती ती अव्वाची. ती आली, बोटांनी खाटेची कड चाचपली, कडेला बसली, त्यांचा हात शोधून मांडीवर घेतला. नळीतून येणारा श्वासाचा आवाज थोडा वेळ ऐकला. मग म्हणाली, "लई सांगितलंत. आता म्या सांगते, तुम्ही ऐका."

आणि ती सांगायला लागली. ऊन आता भिंतीवरनं उतरलं. कावळे आलेत, दोन असतील. पोरगी नांदेडहून आली, ती मोरपंखी साडी नेसून आलीय बगा, तुम्ही घेतलेली. मी प्रवासातल्या चुरगळलेल्या पंजाबी ड्रेसमध्ये तिच्या समोर उभी होते. अप्पांनी माझ्याकडं नखशिखांत बघितलं, गालात हसले, आणि अव्वाचा हात दाबला. म्हणजे बरोबर सांगितलंस.

मग ती कोपऱ्यातल्या शेवग्याचं सांगायला लागली. फुलांनी पांढरा झालाय, म्हणाली. खालची फांदी लई लवलीय, तिला टेकू द्याया पायजे.

मी कोपऱ्याकडं बघितलं. तिथं भावाचं पत्र्याचं शेड आहे, खताच्या पोत्यांचं. शेवगा अव्वानं लावलेला होता, आणि शेड बांधायचं ठरलं तेव्हा तिला वाईट वाटेल म्हणून ती माझ्याकडं नांदेडला असताना तो तोडला होता. त्याला किती वर्षं झाली. म्हणजे त्यानंतरही अप्पा दर साली तो फुलवत होते. शेंगा बाजारातून आणून आपल्याच झाडाच्या म्हणून तिच्या हातात देत असणार. मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा अव्वाचा हात दाबला.

माझ्या धंद्यात माणसाला वेळ विचारतात, जागा विचारतात, समोर काय दिसतं ते विचारतात. त्या दुपारी मी कुणालाच काही विचारलं नाही. अव्वा सांगत होती, अप्पा हात दाबत होते. असे काही आठवडे गेले, आणि अप्पा तिचं ऐकता ऐकताच गेले.

आम्हा लिंगायतांकडं माणसाला बसवून पुरतात. त्यांना मातीत मांडी घालून बसवलं तेव्हा मला वाटलं, हे आता बाजारातल्यासारखे दिसतायत. घरातले अप्पा तिथं नव्हतेच. त्यांना मी अजून घरातच शोधते. औशाला गेले की चप्पल काढता काढता कान आत जातात. बातम्या ऐकू येत नाहीत. भावजयीचा मिक्सर ऐकू येतो, भावाच्या पोराचा मोबाईल ऐकू येतो. मोठमोठ्यानं ओरडून म्हणावंसं वाटतं की कुणीतरी सांगा ना, शेजारचं गेट आता कसल्या रंगाचं आहे.

यंदा उन्हाळ्याच्या आधी गेले होते. अव्वा मागच्या दारात बसली होती. मी तिच्यापाशी बसले तशी म्हणाली, "शेवगा फुलला का गं?"

मी शेडच्या पत्र्याकडं बघितलं आणि फुलला म्हटलं. कसा फुललाय, तिनं विचारलं. मी म्हटलं, छान. पुष्कळ फुलं आहेत.

"आसं न्हाई," ती म्हणाली. मग अगदी सहज आवाजात म्हणाली, "झाड कवाच गेलंय, ते काय मला ठावं न्हाई? फुलला आसता तर वास आला नसता का? पर ते लई रंगून सांगायचे. तसं सांग."

मी सांगायला लागले. खालची फांदी घेतली, वरची घेतली, फुलांवरच्या माशा घेतल्या, सुचेल ते सगळं घातलं. अव्वा माझ्याकडं तोंड करून, डोकं थोडं कलतं धरून ऐकत राहिली. मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, माय," ती म्हणाली.